हिमालयात जुना खडक वर कसा चढला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात बद्रीनाथला जाताना जोशीमठच्या अलीकडे हेलंगला गाडी थांबली. ड्रायव्हरने दरीकडे बोट दाखवून सांगितले, की 'मेन सेंट्रल थ्रस्ट' इथून जातो आणि इथे जुना खडक नव्यावर चढून बसला आहे. भाच्याच्या भूगोलाच्या पुस्तकात मात्र हिमालय हा 'वली पर्वत', म्हणजे घड्या पडून झालेला. मग थ्रस्ट ही काय भानगड आहे, दोन खंड धडकल्याने डोंगर नेमका कसा वर येतो आणि आपला सह्याद्रीही तसाच झाला का? सोबत खडकाचा एक फोटोही पाठवला आहे. तो खरेच चांगला आहे, पण त्याच्याकडे शेवटी येतो.

बोगद्यांच्या कामांवर भूवैज्ञानिक म्हणून माझी जवळजवळ पंचवीस वर्षे गढवाल आणि हिमाचलात गेली. आता नाशिकला असतो आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन अंजनेरी-ब्रह्मगिरीला जातो. दोन्हीकडचे खडक पायाखालून गेले असल्यामुळे सुरुवात घराजवळून करतो.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना किंवा त्र्यंबकहून ब्रह्मगिरीकडे बघताना एक गोष्ट नजरेत भरते: थर आडवे आहेत. कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कड्याचा थर घट्ट बसाल्टचा, उताराचा थर पोकळ्यांनी भरलेल्या ठिसूळ बसाल्टचा, मधेच एखादा लाल मातीचा पट्टा. साल्हेरपासून कळसूबाईपर्यंत कुठेही बघा, थर जवळजवळ पाणसळ लावल्यासारखे. हे लाव्हाचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरले. त्यानंतर त्यांना कोणी आडवे दाबले असते, तर ते असे शिस्तीत राहिलेच नसते. उलट धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले जे लांबच लांब काळे दगडी पट्टे दिसतात ना, ते डाइक म्हणजे जमीन ताणली जाऊन भेगा उघडल्याचा आणि त्यांत लाव्हा भरल्याचा पुरावा. आपल्याकडची गोष्ट ताणाची आहे, दाबाची नव्हे. पश्चिमेकडचा भूभाग तुटून वेगळा झाला, भारताची ती कडा उचलली गेली आणि नद्या-नाल्यांनी तिला कोरून कोरून घाटमाथा उभा केला. गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही पूर्वेला का जाते, याचे उत्तरही त्या उचललेल्या कडेत आहे. म्हणजे सह्याद्री कोरीव आहे. एवढे उत्तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला पुरे.

आणखी एक मजेची गोष्ट: ब्रह्मगिरीचा काळा दगड गोठला तेव्हा हिमालय नव्हता. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला १५ सेंमीहून जास्त वेगाने उत्तरेकडे निघाला होता. भूपट्टांच्या हिशेबात हा वेग फारच. मधे टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाच्या खाली बुडत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि जमिनीला जमीन भिडली. वेग घसरला, पण भारत थांबला नाही. आजही तो आशियाच्या दिशेने वर्षाला चार-पाच सेंमी सरकतो आहे. त्यातले साधारण दोन सेंमी एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात जिरतात, उरलेले तिबेट आणि त्याच्याही पलीकडे.

समुद्रतळाचा खडक जड असतो, तो कवचाखालच्या थरात, म्हणजे प्रावरणात बुडतो. खंडाचा खडक हलका. त्याची घनता २.७ च्या आसपास आणि प्रावरणाची ३.३, त्यामुळे तो फार खोल बुडू शकत नाही. मागून रेटा चालूच आहे, पुढे जायला जागा नाही, खाली जाता येत नाही. उरतो एकच मार्ग: कवच आखूड व्हायचे आणि जाड व्हायचे. खंडाचे कवच एरवी ३५-४० किमी जाड असते, तिबेटखाली ते ७० किमीच्या घरात आहे.

आता मुख्य मुद्दा. आखूड व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे?

शाळेत आपल्याला दाखवतात ती सतरंजी. दोन बाजूंनी ढकलली की घड्या पडतात, तसा हिमालय. मी हे चित्र सर्वस्वी खोटे म्हणणार नाही, हिमालयात घड्या आहेतच आणि काही पाहण्यासारख्या आहेत. पण सतरंजीने एक मोठी चूक मनात बसते. घडी पडते तेव्हा कापड तुटत नाही आणि खडक तुटतो. तो तुटून, एका बाजूला कललेल्या सपाट भेगेवरून त्याचा वरचा भाग पुढे सरकतो आणि शेजारच्या खडकावर जाऊन बसतो. त्या भेगेला थ्रस्ट म्हणतात. मराठीत विभंग म्हणा, पण थ्रस्ट हा विभंगांतला खास प्रकार: दाबाने झालेला, उताराला मंद आणि वरचा भाग वर चढवणारा. हिमालयाचे चित्र मनात आणायचे तर सतरंजी सोडा आणि कौलारू छप्पर आठवा. एका कौलाची कड दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, सगळी एकाच दिशेने कललेली. ही कौले मात्र दहा-पंधरा किमी जाड आहेत आणि काही शंभर किमीहून जास्त सरकली आहेत.

(भाच्याने परीक्षेत 'वली पर्वत' असेच लिहावे. गुण त्यालाच आहेत.)

घडीचा हा मोह मोठमोठ्यांनाही सुटला नव्हता. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस भागात डोंगराच्या कड्यावर एक सरळ रेघ दूरवरून दिसते. रेघेच्या वर २५ ते ३० कोटी वर्षांचा खडक, खाली जेमतेम साडेतीन ते पाच कोटी वर्षांचा. आर्नोल्ड एशर याने १८४० च्या दशकात हे नीट ओळखले होते, पण एवढा मोठा खडक आडवा सरकला असेल हे त्याच्याच मनाला पटेना. म्हणून त्याने समोरासमोरच्या दोन प्रचंड घड्या कल्पून गणित जुळवले. १८८४ मध्ये मार्सेल बर्त्राँ याने सांगितले की दोन घड्या कशाला, खडकाचा एकच पत्रा एका दिशेने सरकला म्हटले की सगळे सुटते. तेच खरे निघाले. आज ती जागा जागतिक वारसा आहे.

एशरची शंका मात्र खुळचट नव्हती. पत्रा एवढा रुंद आणि इतका जड की मागून ढकलायला गेलो तर घर्षणाने पुढचे टोक हलायच्या आत मागचा खडकच चिरडून जाईल. मग तो सरकतो कसा? १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी यांनी याचे उत्तर दिले: पाणी. खडकाच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्यावर वरचे वजन आले की त्याचा दाब वाढतो आणि वजनाचा मोठा भाग ते पाणीच पेलते. खडकाला खडक टेकतो तो हलकाच. घरी करून बघा. स्टीलचा पेला कढत पाण्यातून काढून ओल्या गुळगुळीत ओट्यावर उपडा ठेवला तर तो कोणी न ढकलता सरकतो, कारण आत अडकलेली गरम हवा त्याला किंचित उचलून धरते. आईने हे रोज पाहिलेले असते, भूविज्ञानाला समजायला शंभर वर्षे गेली.

दुसरी गोष्ट वाटेची. थ्रस्ट मनाला येईल तिकडून जात नाही. शेल (चिखलाचा पापुद्री दगड), मीठ, ओली माती असे मऊ थर सापडले की त्यांतून तो आडवाच धावतो. कठीण थर आडवा आला की तो साधारण तीस अंशांनी तिरका चढून वरच्या मऊ थरात जातो आणि पुन्हा आडवा होतो. म्हणजे त्याची वाट जिन्यासारखी: सपाट, चढ, सपाट. आता विचार करा, या जिन्यावरून वरचा पत्रा सरकला तर त्याला चढाच्या जागी वाकावेच लागणार. वाकला की वर कमान तयार झाली. हीच ती पुस्तकातली वळी! हिमालयाच्या पायथ्याच्या कित्येक वळ्या अशा आहेत: घडी वर दिसते, तिचे कारण खाली लपलेल्या विभंगात असते. जॉन रिच याने १९३४ मध्ये अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांवरून हे दाखवले, आणि तेल शोधणाऱ्यांनी पुढे विहिरी खोदून याची खात्री केली. 'वली पर्वत' या शब्दाशी माझे भांडण आहे ते एवढ्यापुरतेच. तो परिणामाला कारण समजतो.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल तर दिवाळीनंतर उरलेली रांगोळी टाकू नका. काचेची लांबट पेटी घ्या, माशांची जुनी टाकी चालेल. तळाशी एक गुळगुळीत कागद असा घाला की त्याचे टोक पेटीच्या एका बाजूने बाहेर काढता येईल. त्या बाजूला आत एक फळी उभी अडकवा, खाली फक्त कागद जाईल एवढी फट ठेवून. मग चाळलेली कोरडी बारीक वाळू आणि रंगीत रांगोळी यांचे पातळ थर आलटून पालटून द्या, तीन-चार सेंमी उंचीपर्यंत. आता कागद हळूहळू फळीच्या खालून बाहेर ओढा. कागद म्हणजे खाली जाणारा भारत, फळी म्हणजे आशिया. पहिली तिरकी भेग फळीजवळ उमटते आणि वाळूचा एक पत्रा वर चढतो. ओढत राहा. थोड्या वेळाने ती भेग थंडावते आणि तिच्या पुढे, न विस्कटलेल्या वाळूत, नवी भेग फुटते. मग तिसरी, आणखी पुढे. काचेतून रांगोळीच्या रेघा बघाल तर हुबेहूब कौले. १८८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये हेन्री कॅडेलने असेच प्रयोग केले होते. मी पहिल्यांदा केला तेव्हा घाईने ओढला आणि सगळा चिवडा झाला. सावकाश.

आणखी एक बघा. वाळूच्या ढिगाचा पृष्ठभाग एका ठरावीक उतारावर येऊन थांबतो. त्याहून कमी उतार असेल तर ढीग आतल्या आत चेपून उंच होतो, तेवढा झाला की सबंध ढीग पुढे सरकू लागतो. डेव्हिस, सुपे आणि डालेन यांनी १९८३ मध्ये डोंगररांगांना हेच गणित लावले. आता ढिगाच्या माथ्यावरची थोडी वाळू चमच्याने काढा. मागची थंडावलेली भेग पुन्हा हलायला लागते! हिमालयात तो चमचा म्हणजे पाऊस, नद्या आणि हिमनद्या.

आता तुमचा रस्ता. हिमालयातले तीन मोठे थ्रस्ट तुम्ही एकाच प्रवासात ओलांडलेत, बहुधा झोपेत. सहारनपूरकडून देहरादूनला जाताना मोहंडजवळ सपाट मैदान संपून अचानक टेकड्या सुरू होतात. त्यांच्या पायथ्याशी हिमालयाचा सर्वांत पुढचा, सर्वांत तरुण थ्रस्ट आहे. त्या टेकड्या म्हणजे शिवालिक. त्यातला वाळूचा दगड आणि गोटे हा हिमालयाचाच झिजून आलेला गाळ, आणि पुढे सरकत आलेल्या थ्रस्टने आता त्यालाही उचलले आहे. मग दून खोरे. खोरे ओलांडून राजपूरहून मसुरी चढायला लागलात की दुसरा, मेन बाउंड्री थ्रस्ट. तुमच्या ड्रायव्हरचे वाक्य खरे शोभते ते इथे. मसुरीचा चुनखडक पन्नास कोटी वर्षांहून जुना आणि ज्या शिवालिकच्या खडकावर तो पट्टा सरकून आला तो फार तर दीड-दोन कोटी वर्षांचा. वयाचा असा उलटा हिशेब शेंबड्या पोरालाही कळावा.

तिसरा हेलंगचा, मेन सेंट्रल थ्रस्ट. तिथे वयापेक्षा उष्णतेची गोष्ट जास्त नवलाची आहे. थ्रस्टच्या वरचे आणि खालचे, दोन्ही खडक अतिप्राचीन. पण कवचात खोल जावे तसे तापमान वाढते, तेव्हा जास्त भाजलेला खडक खाली असायला हवा. हेलंगहून जोशीमठकडे वर चढताना उलटेच दिसते. आधी कमी तापलेला, मग अभ्रकाने चमचमणारा, मग लाल गार्नेटचे मणी असलेला, आणि आणखी वर कायनाइटच्या निळसर काड्या असलेला. वीस-तीस किमी खोलीवर भाजलेला खडक थंड खडकाच्या डोक्यावर आणून बसवला आहे. नदीही हे जाणते. या पट्ट्यात अलकनंदेचा उतार एकदम वाढतो, दरी अरुंद होते, आणि आजूबाजूला गरम पाण्याचे झरे लागतात.

बोगद्यात अशा पट्ट्याजवळ आल्याचे कळते ते पाण्यावरून. एका कामावर (नाव राहू द्या) आम्ही चांगल्या घट्ट खडकातून रोज तीन मीटर पुढे जात होतो. एका पाळीला ड्रिलमधून येणारे पाणी राखाडी, दाट झाले. पुढच्या स्फोटानंतर समोर खडक नव्हताच, भिजवलेल्या कणकेसारखा काळसर लगदा होता. दोन पृष्ठभाग लाखो वर्षे एकमेकांवर घासले की मधल्या खडकाचे पीठ होते, तेच ते. रात्रीतून लोखंडी कमानी आत वाकल्या. आधीच्या नकाशात तो पट्टा दाखवला होता, पण शंभर मीटर पुढे. कोणाची चूक यावर बरीच कागदे रंगली. मुद्दा एवढाच की थ्रस्ट म्हणजे कागदावरची एक रेघ नव्हे. मेन सेंट्रल थ्रस्ट तर कित्येक किमी रुंदीचा चुरडलेला पट्टा आहे.

उंचीबद्दलही एक गैरसमज असतो. दहा किमी जाडीचा पत्रा दुसऱ्यावर चढला म्हणजे डोंगर दहा किमी वाढला, असे होत नाही. भरलेली होडी जशी पाण्यात आणखी बसते, तसे जाड झालेले कवच खालच्या प्रावरणात बुडते. वर दिलेल्या घनतांवरून हिशेब केला तर दहा किमीतले जेमतेम दोन किमी वर उरतात. पण वरून झीज झाली की बुडालेला भाग पुन्हा वर येतो, म्हणूनच खोलवरचे खडक आपल्याला रस्त्याकडेला बघायला मिळतात. आणि फार उंच, फार जाड झालेला डोंगर स्वतःच्या वजनाने पसरतोही. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा समुद्री चुनखडक ४५ कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो ज्या विभंगावर बसला आहे त्यावरून वरचा भाग उत्तरेकडे, उताराच्या दिशेने घसरला आहे. जगाचा माथा थ्रस्टने चढलेल्या पत्र्यावर आहे खरा, पण सर्वांत वरची टोपी घसरलेली आहे.

हे तिन्ही थ्रस्ट खोल जाऊन एका मोठ्या, जवळजवळ आडव्या पृष्ठभागाला मिळतात. त्यावरून भारत हिमालयाखाली सरकतो. पांडवलेणीत नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातले लेख कोरले गेले त्याला सुमारे १९०० वर्षे झाली. तेवढ्या काळात भारत हिमालयाखाली पस्तीस ते चाळीस मीटर गेला. पण हे सरकणे गुळगुळीत नाही. वरचा वीस-पंचवीस किमीचा भाग अडकून राहतो, शतकानुशतके ताण साठतो आणि एका मिनिटात काही मीटर सुटतो. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला तेव्हा या पृष्ठभागाचा सुमारे दीडशे किमी लांबीचा तुकडा हलला. काठमांडूची जमीन जवळपास एक मीटर वर आली आणि उत्तरेची काही उंच शिखरे किंचित खाली गेली! अडकलेला असताना उंच हिमालय फुगतो, सुटला की तो बसतो आणि पुढचा भाग वर येतो. ती फाटही मैदानापर्यंत पोहोचलीच नाही, म्हणजे पुढच्या भागातला ताण अजून तिथेच आहे. १९०५ चे कांगडा, १९३४ चे बिहार-नेपाळ, हे सगळे त्याच कहाणीतले.

हा रेटा आपल्या महाराष्ट्रातही पोहोचतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो ना? तो हिमालयापासून हजारभर किमी दूर, आडव्या बसाल्टच्या देशात झाला. पण त्याची हालचाल थ्रस्टसारखीच होती: दक्षिण-उत्तर दाबाखाली जुन्या कमकुवत जागी खडकाचा एक तुकडा दुसऱ्यावर चढला. आडवे थर दिसतात म्हणून आपले कवच दाबाखाली नाही असे नव्हे. तो दाब थर वाकवण्याएवढा नाही, इतकेच.

आता फोटो. चंदेरी-राखाडी चमकणारा खडक, त्यात बोटाच्या पेराएवढे पांढरे डोळे, आणि प्रत्येक डोळ्याच्या दोन्ही टोकांना बारीक शेपट्या. हा थ्रस्टच्या पट्ट्यातला पट्टिताश्म, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक आहे. डोळे फेल्डस्पार या खनिजाचे, भोवतीची चमक अभ्रकाची. खोलवर, गरम असताना हा खडक तुटला नाही, पोळीच्या कणकेसारखा लाटला गेला. कठीण फेल्डस्पार गोल राहिला आणि त्याच्या कडेची भुकटी सरकण्याच्या दिशेने ओढली जाऊन शेपट्या झाल्या. एक शेपटी डोळ्याच्या वरच्या अंगाने निघते आणि दुसरी खालच्या अंगाने विरुद्ध बाजूला. वरची ज्या दिशेला वळते तिकडे वरचा खडक सरकला. हेलंगला ती दिशा दक्षिण असायला हवी. तुमच्या फोटोत वरची शेपटी डावीकडे आहे, पण कॅमेरा कुठल्या दिशेला तोंड करून होता हे तुम्ही लिहिलेले नाही. पूर्वेकडे तोंड केले होते की पश्चिमेकडे, एवढे आठवून कळवा. पुढच्या वेळी शेजारी एखादे नाणे ठेवा आणि वहीत दिशा टिपून घ्या.